रियाच्या प्रोफाइलमधली माझी आई

पडद्यावर माझी आई होती.

शाळेचा एसी हॉल. स्टेजच्या मागे भिंतभर पडदा. त्यावर आई. मान खाली, हातात पेन्सिल, समोर वही. अंगात घरातला गाऊन, खांद्यावर ओढणी. घामानं केस कपाळाला चिकटलेले. फोटो एवढा मोठा होता की तिच्या मनगटावरची भाजल्याची जुनी खूण मागच्या रांगेतूनसुद्धा दिसत होती.

खाली इंग्रजीत एक ओळ होती. मी ती मराठीत सांगते. 'सुनीताताई, नाव बदललेलं आहे. आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिल हातात धरताना.'

टाळ्या.

माझ्या आईचं नाव जयवंती. ती दहावी पास आहे. आमच्या आळीतल्या निम्म्या पोरांना बाराखडी तिनं शिकवली. आणि त्या टाळ्या वाजत होत्या तेव्हा ती त्याच हॉलमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. शाळेत पालकांचा कार्यक्रम म्हणून मामाच्या लग्नातली जांभळी साडी नेसून. गजरा माळून.

तिच्या पलीकडे कुणाची तरी मम्मी होती. टाळ्या वाजवता वाजवता ती आईकडे वळली आणि म्हणाली, "सो टचिंग ना?"

तिनं आईचा चेहरा बघितला. मग पुन्हा पडद्यावरचा बघितला. तिला काही कळलं नाही. साडीतली बाई आणि गाऊनमधली बाई एकच असू शकते, हे तिच्या डोक्यातही येत नव्हतं.

आईनं पदर सारखा केला.

मग माइकवर निकिता मॅमचा आवाज आला. "आणि आज आपल्यामध्ये त्याच गावातली एक मुलगी आहे. आपली स्कॉलरशिप स्टुडंट. बेटा, वर ये. गावाच्या वतीनं रियाला थँक यू म्हण."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी उठले.

*

हे असं एका दिवसात झालं नव्हतं.

आमचं घर वसईत उमेळ्याला, खाडीच्या अंगाला. पावसात भात, बाकीच्या दिवसांत बाबा टेम्पो चालवतात. आई पूर्वेला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. मला या शाळेत पहिलीला प्रवेश मिळाला तो गरिबांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर. आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातून. शाळेत आम्हा पाच-सहा मुलांचं नावच ते पडलं होतं. "ए आरटीई, डस्टर आण." मी कित्येक वर्षं त्या हाकेला ओ दिली. लहान होते. वाटायचं, आपलं तेच नाव असणार.

आठवीनंतर तो कायदा संपतो. मला मार्क चांगले होते म्हणून ट्रस्टनं फीमध्ये सवलत दिली आणि मी राहिले. आरटीईची स्कॉलरशिप स्टुडंट झाले. बोलावणारा आवाज तोच राहिला.

नववीत निकिता मॅम आल्या. करिअर काउन्सेलर. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, "मार्क सगळ्यांनाच असतात. मोठ्या युनिव्हर्सिटीला तुमचे मार्क नकोयत. तुमची प्रोफाइल हवीय. शाळेनंतर तुम्ही काय करता, त्यावर तुमची अ‍ॅडमिशन ठरणार."

त्या दिवसापासून वर्गाला जणू खाज सुटली. प्रत्येक जण काहीतरी निवडायला लागला. एकानं तलवारबाजी घेतली, कारण वसईत ती फार कुणी करत नाही आणि मेडल पटकन मिळतं. एकीनं जर्मन घेतलं. एक जण रविवारी घोड्यावर बसायला जायचा, त्याला घोड्याची भीती वाटायची तरी. रिया माझ्या बाकावर बसायची. ती चित्रं फार सुंदर काढायची. वह्यांच्या समासात बगळे, बोटी, सरांची नाकं. मॅमनी तिची वही चाळली आणि म्हणाल्या, "ड्रॉइंग तर सगळेच करतात, रिया. यात तू वेगळी कशी दिसणार?"

रियानं वही मिटली. त्यानंतर तिच्या समासात बगळे दिसले नाहीत.

काय आवडतं, हे कुणी विचारत नव्हतं. कसं दिसेल, एवढंच विचारत होते.

माझी पाळी आली.

"तू शाळेनंतर काय करतेस?"

मी म्हटलं, "घरी जाते. पाणी भरते, भाकऱ्या टाकते. मग आईबरोबर आळीतल्या मुलांचा अभ्यास घेते."

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"नो बेटा. ते घरचं झालं. अ‍ॅक्टिव्हिटी सांग."

"खो-खो खेळते."

"डिस्ट्रिक्ट? स्टेट?"

"नाही. गावात."

मॅमनी माझ्या नावापुढे एक आडवी रेघ ओढली आणि पुढचं नाव पुकारलं.

मी खाली बसले. घोड्यावर बसणं ही अ‍ॅक्टिव्हिटी. पोरांना वाचायला शिकवणं हे घरचं. तेव्हा मला राग आला नाही, लाज वाटली. हे आज लिहिताना पण जिवावर येतं. मला माझ्या संध्याकाळची लाज वाटली.

*

त्या संध्याकाळी कशा होत्या तेही सांगते.

आई कारखान्यातून यायची. चहा घ्यायची. मग ओट्यावर चटई टाकायची. शेजारच्या घरातला एक मुलगा पाचवीत गेला तरी त्याला पाटी वाचता येत नव्हती, तिथून हे सुरू झालं. मग त्याची बहीण आली. मग मागच्या आळीतली पोरं आली. आई अक्षरं घ्यायची, मी गणित. आम्ही त्याला काही नाव दिलं नव्हतं. पोरं येऊन विचारायची, "काकी, आज बसायचं हाय का?" म्हणून आम्ही त्याला 'बसणं' म्हणायचो. पावसात ओट्यापर्यंत पाणी चढलं की बसणं बंद. पाणी उतरलं की परत चालू.

आई मारायची नाही. पण एखाद्यानं 'ळ' उलटा काढला की त्याच्याशेजारी मांडी घालून बसायची आणि तो सुलटा होईपर्यंत उठायची नाही. कधी कधी भात करपायचा.

याला प्रोफाइल म्हणतात हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

अकरावीत मॅमनी रियाला आणि मला एकत्र केबिनमध्ये बोलावलं. "रियाची प्रोफाइल ऑलमोस्ट तयार आहे. सोशल इम्पॅक्ट तेवढा कमी पडतोय. आणि तुझ्याकडे गाव आहे." त्या असं म्हणाल्या. तुझ्याकडे गाव आहे. एखाद्याकडे जादाचं पेन असावं तसं. "तू हिला तिथं घेऊन जा. ही फाउंडर, तू व्हॉलंटियर. दोघींना सर्टिफिकेट मिळेल."

वर त्यांनी हेही सांगितलं की पुण्याकडच्या एका खाजगी युनिव्हर्सिटीत पूर्ण स्कॉलरशिप असते, माझ्यासारखीला तिथं चान्स आहे, आणि शिफारसपत्र त्या स्वतः लिहितील.

मला आनंद झाला. खरंच झाला. नावापुढची ती रेघ पुसली जाणार होती. आणि वाटलं, आपल्या ओट्याकडे कुणीतरी बघतंय.

रिया आली. गाडी आळीत शिरली नाही, म्हणून तोंडापासून चालत आली. ती राहते तो टॉवर आमच्या ओट्यावरून दिसतो. तिथं आधी गावची भातशेती होती. तिच्याबरोबर कॅमेरा घेतलेला तिचा चुलतभाऊ होता. एक बॅनर होता. 'प्रोजेक्ट उजाला'. आणि मुलांसाठी पिवळे टी-शर्ट, त्यावर तेच नाव. पोरं वेडी झाली. नवा कपडा, बिस्किटं, मोठा कॅमेरा.

रिया वाईट नव्हती. हे मला सांगायलाच हवं. घरात सुकट भाजत होते, तिला वास सहन होत नव्हता, पण तिनं नाक धरलं नाही. चटईवर बसली. एका मुलीला तिनं बगळा काढून दाखवला. तेवढ्या वेळात ती मला माझ्या बाकावरची रिया वाटली.

मग भाऊ म्हणाला, "रिया, लाइट जातोय." ती उठली.

फोटो झाले. फोटो झाल्यावर टी-शर्ट परत घेतले. दुसऱ्या ठिकाणच्या मुलांना लागतील म्हणून. पोरांनी ते डोक्यावरून काढले आणि उघडी उभी राहिली. शेजारचा तन्मय, सहा वर्षांचा, काढेना. त्याच्या आईनं ओढून काढला. तो रडत घरी गेला.

आईनं ते टी-शर्ट एकेक झटकून घडी करून दिले. मला नंतर म्हणाली, "देऊन परत घेतात कं कुनी?"

मी म्हटलं, "त्यांचा नियम असेल."

रिया आणखी दोन-तीन शनिवारी आली. मग परीक्षा जवळ आल्या आणि ती यायची थांबली. बसणं चालूच होतं. बॅनर भिंतीवर राहिला. वाऱ्यानं फाटला तेव्हा आईनं तो मिरच्या वाळवायला अंथरला.

पडद्यावरचा तो फोटो पहिल्या दिवशीचा. मला नीट आठवतं. तन्मयला 'ळ' जमत नव्हता. आईनं त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्याच्या वहीत काढून दाखवत होती. तो तिच्या गुडघ्याला टेकून बघत होता. पडद्यावर तन्मय नव्हता. त्याला कापून टाकला होता. पोरगं कापलं आणि मास्तरीण अडाणी झाली.

*

मी स्टेजवर गेले.

पायऱ्या चढताना रियाचा चेहरा दिसला. ती पुटपुटली, "मी नाही लिहिलं ते. मॅमनी एडिट केलंय."

मॅमनी माझ्या हातात माइक दिला. पहिल्या रांगेत बाहेरून आलेले पाहुणे होते, युनिव्हर्सिट्यांचे लोक. त्यांच्यासाठीच तो सगळा कार्यक्रम होता. एक जण माझ्याकडे बघून आधीच हसत होता. कौतुकानं. मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

मला वाटतं, 'थँक यू' म्हणून मी खाली उतरले असते, तर आज मी वेगळ्या ठिकाणी असते. जिभेवर आलंही होतं. इतकी वर्षं शाळेत मी तोच शब्द सगळ्यात जास्त म्हटला होता. पण माझ्यामागे आईचा चेहरा भिंतीएवढा होता, आणि समोर, लांब अंधारात, तिचा खरा चेहरा होता. तो मला दिसत नव्हता. गजरा तेवढा दिसत होता.

मी म्हटलं, "हा फोटो माझ्या आईचा आहे. तिचं नाव जयवंती आहे. ते बदला असं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती दहावी पास आहे. या फोटोत ती शिकत नाहीये, शिकवतेय. तिच्याजवळ एक मुलगा होता, तो कापलाय. ती इथं बसलीय. तिला विचारा."



कुणी वळून बघितलं नाही. एकानंही नाही. तिला विचारा म्हटल्यावर सगळे माझ्याकडेच बघत राहिले. मग कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली. आणि निकिता मॅमनी माझ्या हातातला माइक अलगद काढून घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सो मच इमोशन! गिव्ह हर अ बिग हँड."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जोरात.

मी 'नाही' म्हटलं होतं. त्यांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. मला तिथं पहिल्यांदा भीती वाटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

पडद्यावर पुढचा फोटो आला. घोड्यावर बसलेला मुलगा.

मी खाली आले, आईचा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो. रिक्षात गजरा काढून तिनं पिशवीत टाकला. मग म्हणाली, "दहावीला माजा गनितात पैला नंबर होता. ते नाय सांगितलंस."

मी हसले. ती हसली नाही.

*

दोन दिवसांनी शाळेतून फोन आला. आईला घेऊन ये.

प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये रियाची मम्मी बसली होती. निकिता मॅम होत्या. आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. सगळं गोड बोलणं. रियाची मम्मी आईला म्हणाली, "ताई, आमची मुलगी उन्हातान्हात तुमच्या वस्तीत आली. तिचा हेतू बघा ना. पुढच्या वर्षी तिची अ‍ॅप्लिकेशन जाणार आहे, आता हे असं पसरलं तर तिचं वर्ष जाईल."

माझ्या वर्षाचं कुणी बोललं नाही.

प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "आपण हे इथंच मिटवू. तुमचे फोटो वापरायला तुमची हरकत नव्हती, एवढंच लिहिलंय. सही करा. मग मुलीच्या सवलतीचंही बघू. तुम्हाला माहितीय, ती वागणुकीवर असते."

क्लार्कनं कागद आणून आईसमोर ठेवला. आणि कागदाच्या बाजूला शाईचा पॅड ठेवला. अंगठ्यासाठी. झाकण उघडून.

दोनच दिवसांपूर्वी मी भर हॉलमध्ये सांगितलं होतं. दहावी पास. निकिता मॅम तिथं होत्या, प्रिन्सिपल मॅडम पण होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांतल्या एकीनंही तो पॅड मागे सरकवला नाही.

आईनं तो पॅड बघितला. त्याचं झाकण लावलं. कागद उचलला आणि वाचायला लागली. इंग्रजी होता. सावकाश वाचत होती, एका शब्दावर थांबली तर मला बोटानं दाखवून विचारत होती. मी अर्थ सांगत होते. पूर्ण वाचेपर्यंत तिनं कुणालाही बोलू दिलं नाही. रियाच्या मम्मीनं एकदा घड्याळ बघितलं.

वाचून झाल्यावर आईनं कागद टेबलावर ठेवला.

"वाचला. नाय देत."

"अहो, पण मुलीचा विचार करा," मॅडम म्हणाल्या.

"तिचाच केला."

एवढंच. ती उठली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला बोलेल. बाहेर आल्यावर तिनं नळावर हात धुतले. शाईला हात लागला नव्हता तरी धुतले.

*

सगळ्यात वाईट अजून सांगायचं राहिलंय.

दुसऱ्या दिवशी निकिता मॅमनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. रागावल्या नव्हत्या. उलट डोळे चमकत होते. म्हणाल्या, "बघ, जे झालं ते झालं. पण तुला कळतंय का, तुझ्या हातात काय आलंय? हे तुझ्या अर्जात लिही. निबंध म्हणून. खाडीकाठची वस्ती, कारखान्यात जाणारी आई, तो अपमान, तू स्टेजवर बोललीस. फार स्ट्राँग मटेरियल आहे. शाळेचं नाव मात्र घालू नकोस. मी स्वतः एडिट करून देते."

मी घरी गेले. आणि लिहायला बसले.

मला ती स्कॉलरशिप हवी होती. आजही हवी वाटते. मोबाइलवर लिहायला लागले. पहिल्या ओळीत आमचं घर पत्र्याचं केलं. आमचं घर पत्र्याचं नाही. भिंती विटांच्या आहेत, वर कौलं आहेत, आतल्या खोलीत टीव्ही आहे. दुसऱ्या ओळीत पुराचं पाणी गुडघ्याचं कमरेपर्यंत नेलं. मग आई आली. ती लिहिताना मी तिला थकलेली, गप्प, सोसणारी केली. माझी आई गप्प नसते. ती मोठ्यानं हसते, बाबांची नक्कल करते, खो-खोच्या मॅचला येऊन पंचांशी भांडते. ते सगळं मी गाळत होते. कारण ते असलं की आम्ही तेवढे बिचारे दिसत नव्हतो.

लिहिलेलं वाचलं. छान होतं. कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं असतं.

आणि लक्षात आलं, कात्री आता माझ्या हातात आहे. त्यांनी तन्मयला कापला. मी आईचं हसणं कापत होते. मॅमना एवढंच हवं होतं. रियाला आमची गरिबी विकू द्यायची नसेल, तर मी स्वतः विकायची. माल तोच. गिऱ्हाईक तेच.

मी ते पुसून टाकलं.

सकाळी मॅमना सांगितलं, "मी लिहिणार नाही."

"का? अगं, त्यांना हे खूप आवडेल."

"म्हणूनच."

त्यांना कळलं नाही. त्या म्हणाल्या, "यू आर थ्रोइंग इट अवे." शिफारसपत्र मिळालं नाही. पुढच्या वर्षीची सवलतही बंद झाली. पत्रात कारण वागणूक दिलं नव्हतं, 'धोरणात बदल' असं काहीतरी होतं. मी दाखला घेतला आणि बारावी स्टेशनजवळच्या एका साध्या ज्युनियर कॉलेजमधून केली.

बाबा माझ्यावर चिडले होते. ते आईसारखे नाहीत. "एक वरीस राहिलं होतं. कनाला बोललीस?" असं म्हणाले आणि कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला त्यांचाही राग येत नाही. त्यांनी पहिलीपासून मला टेम्पोत पुढे बसवून शाळेच्या गेटपर्यंत सोडलं होतं. ते गेट त्यांना माझ्यापेक्षा जास्त आवडायचं. आता बोलतात. पण त्या शाळेवरून टेम्पो न्यायचा झाला तर लांबचा रस्ता घेतात.

*

रिया परदेशात गेली. जायच्या आधी तिचा मेसेज आला. 'तू मला पर्सनली सांगायला हवं होतंस. सगळ्यांसमोर का?' मी उत्तर लिहिलं, 'आईचा फोटो तू सगळ्यांसमोरच लावला होतास.' त्यावर दोन निळ्या टिका आल्या. ती अजून चित्रं काढते का, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

मी आता वसईतच बी.ए. करते. राज्यशास्त्र. इथं माझ्या संध्याकाळचं कुणी काही विचारत नाही, त्यामुळे ती परत माझी झाली आहे. बसणं चालू आहे. मधे एका दुसऱ्या शाळेची मुलं आली होती, बॅनर घेऊन. मी आळीच्या तोंडाशीच उभी राहिले. म्हटलं, या. मोबाइल बाहेर ठेवा. पोरांची परीक्षा होईपर्यंत रोज यावं लागेल. सर्टिफिकेट नाही, फोटो नाही. त्यांच्या बाईंनी विचारलं, "मग मुलांना यातून काय मिळणार?" मी विचारलं, "कुठल्या मुलांना?" त्या गाडीत जाऊन बसल्या.

त्यांच्यातली एक मुलगी मागे वळून बघत होती. परत आली नाही.

मला यातून शांत वाटलं पाहिजे होतं. वाटत नाही. कारण मागच्या महिन्यात मी 'प्रोजेक्ट उजाला'चं नेटवरचं पान उघडून बघितलं. ते अजून आहे. आता दुसरं कुणीतरी चालवतं, त्याच शाळेतलं, पुढच्या बॅचचं. आईचा फोटो काढून टाकलाय.

त्याच जागी दुसरा आहे.

एक बाई. आईच्याच वयाची. मागे केळीची बाग, निळ्या रंगाची भिंत, दारावर लहानसा क्रूस. हातात पेन्सिल. खाली वही. मान खाली घातलेली. आणि ओळ तीच. अक्षरशः तीच. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांना नवीन वाक्य करायचीही गरज वाटली नव्हती.

तो फोटो आईला दाखवला. तिनं मोठा करून बघितला. म्हणाली, "हिच्या बाजूला कोन होतं?"

फोटोच्या कडेला, वहीवर, एका लहान बोटाची सावली आहे. कापताना ती राहून गेलीय.

ती बाई कोण आहे मला माहीत नाही. केळी आणि क्रूस बघता पश्चिमेकडच्या ख्रिस्ती गावांतली असावी. मागच्या रविवारी मी भुईगावला गेले. अरुंद गल्ल्यांतून फोन हातात धरून फिरले, निळी भिंत शोधत. दोन घरी विचारलं. एका आजीनं पाणी दिलं, फोटो निरखून बघितला, मान हलवली. म्हणाली, वटारला विचार, तिकडे बागा आहेत. येत्या रविवारी वटार. तिथं नाही सापडली तर पुढचं गाव.

ती भेटली की मी तिला माझी हकिगत सांगणार नाही. तिच्या वतीनंही बोलणार नाही. तिला तो फोटो दाखवणार, खालची ओळ वाचून दाखवणार, आणि विचारणार, तुमचं नाव काय, आणि तुम्हाला विचारलं होतं का. ती म्हणाली की विचारलं होतं आणि तिची हरकत नाही, तर मी घरी येईन.

ती नाही म्हणाली, तर तो फोटो तिथून उतरेपर्यंत मी त्या शाळेला झोपू देणार नाही.